आठाचा डावा अर्धा

मुलांनो, पेन्सिल घ्या. नसेल तर बोट चालेल, आणि कागद नसेल तर शेजारच्याची पाठ. आता पेन्सिलीचं टोक म्हणजे एक मोटार आहे असं समजा आणि एक आठ काढा. मराठी नको, इंग्रजी, दोन डोळ्यांचा. सावकाश. पहिला डोळा काढताना मोटार सारखी उजवीकडं वळतेय, बघा. आता ती मधल्या फुलीवर आली. आणि इथून पुढं? डावीकडं. आठ काढायचा म्हणजे अर्धा वेळ उजवीकडं आणि अर्धा वेळ डावीकडं वळावंच लागतं, त्यातून सुटका नाही.

आता अशी कल्पना करा, की तुमची मोटार उजवीकडं वळताना लोण्यासारखी वळते, आणि डावीकडं वळली रे वळली की म्हणते, कट कट कट कट.

माझ्या आक्काची मोटार तसं म्हणायची.

ती गुरुवारची संध्याकाळ होती. बाबालाल मिस्त्री त्या मोटारीखाली उताणा झोपला होता. त्याचे फक्त पाय बाहेर होते आणि त्या पायांकडं आम्ही चौघं बघत होतो: आक्का, तिचे यजमान म्हणजे आमचे दाजी, त्यांची नऊ वर्षांची वैजू आणि मी. मी तेव्हा गावातल्या हायस्कुलात विज्ञान शिकवायचो. वय तीस. मला सगळं येतं अशी माझी पक्की खात्री होती.

"मास्तर," पाय म्हणाले, "चोरी झालीया."

"कसली चोरी?"

बाबालाल बाहेर आला. तोंडावर तेल, डोळ्यांत दुःख. "शाफ्ट न्हाई गाडीला. इंजिनापास्नं मागच्या चाकांपतोर लोखंडी दांडा पायजे. जीपला हाय, ट्रकला हाय, गावात आजवर आलेल्या समद्या गाड्यांना हाय. हितला कुणीतरी सोडवून नेलाय."

"अरे, मग गाडी चालते कशी?" आक्कानं विचारलं.

बाबालालनं थोडा विचार केला. "सवयीनं," तो म्हणाला.

दाजींनी काठी आपटली. "दादाचं काम! सगळी गाडी नेता येत नाही, म्हणून आता सुट्या भागांत न्यायला लागलाय."

दाजींचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला होता आणि डॉक्टरांनी त्यांना गाडी चालवायची बंदी केली होती. त्यांचे थोरले भाऊ कोल्हापूरला असायचे, आणि गाडी दोघांच्या सामाईक पैशांतली होती. त्यांनी पत्र धाडलं होतं: 'घरात चालवणारं कुणी नाही, तर गाडी दारात सडवण्यात अर्थ नाही. रविवारी माणूस पाठवतो. तुझ्या सौभाग्यवतीला शनिवारच्या कॅम्पात लायसन मिळालं तर गोष्ट वेगळी.' शेवटचं वाक्य त्यांनी गंमत म्हणून लिहिलं होतं. आक्कानं ते गंमत म्हणून वाचलं नाही. दर पंधरवड्याला दाजींना मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं न्यावं लागायचं. दोन एसट्या बदलून, उन्हात हात धरून. आक्का छत्तिसाव्या वर्षी गाडी शिकली ती त्यासाठी. आणि चांगली शिकली.

पण लायसन मिळत नव्हतं. दोनदा नापास झाली होती. का, ते ऐका.

आरटीओचा कॅम्प आमच्या गावी महिन्यातून एकदा बाजारतळावर लागायचा. तपासायला पोतनीससाहेब यायचे. मैदानात बांबूच्या बारा काठ्या रोवून आठ आखलेला, आणि साहेब पन्नास पावलांवर लिंबाखाली टेबल टाकून बसलेले. आमच्या बाजारतळाची माती पिठासारखी. मोटार फिरायला लागली की असा धुरळा उठायचा, की मोटार दिसेना, काठ्या दिसेनात, पलीकडची दुकानंसुद्धा दिसेनात. म्हणून साहेब परीक्षा कानांनी घ्यायचे. खडखड झाली की गिअर चुकला, घरघर झाली की क्लच चुकला. आणि कट कट झालं, की काठ्या मोडल्या. ऐकतील तसं लिहीत जायचे. धुरळा बसेपर्यंत निकाल तयार.

"अकरा काठ्या मोडल्या," पहिल्या वेळी ते म्हणाले.

"साहेब, बाराच्या बारा उभ्या आहेत," आक्का म्हणाली. "बघा की, धुरळा बसलाय आता."

"बाई, माझ्या कागदावर मोडल्यात. तीन प्रतींत."

दुसऱ्या महिन्यात ते म्हणाले, "नऊ. सुधारणा आहे."

तेव्हापासून आक्कानं डावीकडं वळणंच सोडलं होतं. पण आमच्या गावात घराकडून दाजींच्या छापखान्याकडं जायचं तर देवीच्या देवळापाशी डावीकडं वळावं लागतं. मग आक्का काय करायची? सरळ पुढं जायची, उजवी घालायची, पुन्हा उजवी, पुन्हा उजवी. म्हणजे देवळाला वळसा घालून पाहिजे त्या रस्त्याला लागायची. आठवडाभरात गावभर झालं की आक्कानं नवऱ्याच्या डोळ्यांसाठी मोटारीतून प्रदक्षिणांचा नवस बोललाय. म्हाताऱ्या बायका हात करून गाडी थांबवायला लागल्या. "मला बी घे गं बाई. माझे गुडघे चालंनात. पाच प्रदक्षिणा झाल्या की उतरीव." आक्काला नाही म्हणता येईना. डाळ आणायला निघालेली बाई दीड तासानं परत यायची, मागं तीन म्हाताऱ्या आणि पुढच्या सीटवर नारळ.

दाजींनी तर अर्जच लिहायला घेतला होता. "मराठी मुलखात इंग्रजी आठ का म्हणून? आपला आठ मागू. मी आयुष्यभर टाइप जुळवलेत, मला विचार. मराठी आठ शेपटाकडून काढला तर त्याला एकच वळण, आणि तेही उजवं!"

तर अशा अडचणीत आम्ही बाबालालच्या शेडमध्ये उभे होतो आणि शाफ्ट चोरीला गेला होता.

"चोरी नाही झालेली," मी म्हणालो. "या गाडीला तो नसतोच."

खिशातला खडू काढून मी शेडच्या पत्र्याच्या दारावर आकृती काढली. इंजिन पुढं, चाकं पुढं. ही नव्या पद्धतीची गाडी मागून ढकलत नाही, पुढून ओढते. इंजिनापासून दोन आखूड दांडे निघतात, एक डाव्या चाकाला, एक उजव्या. चाक वळलं तरी दांडा फिरत राहावा म्हणून चाकाजवळ एक सांधा असतो, आपल्या मनगटासारखा. बाबालाल तोंड उघडं टाकून ऐकत होता. मला चेव आला. "आवाज कधी येतो? डावीकडं वळताना. म्हणजे बिघाड कुठं? डाव्या चाकात. हे गणितच आहे."

"वा!" बाबालाल म्हणाला.

"मामा," वैजू म्हणाली, "पण बघितलंय कुणी?"

"काय बघायचंय त्यात? आकृती आहे ना समोर."

शुक्रवारी दिवसभर बाबालालनं डावं चाक खोललं. सांधा तेलकट, रबर धडधाकट, कुठं चरा नाही. पुन्हा बसवलं. कट कट कट. मी आकृतीत दोन बाण वाढवले. त्यानं पुन्हा खोललं, पुन्हा बसवलं. कट कट कट कट.

"आता ह्याच्यात खोलण्यासारखं फकस्त आकाश ऱ्हायलंय, मास्तर," बाबालाल म्हणाला.

शनिवार उजाडला. कॅम्प अकराला. सकाळी साडेसहाला आम्ही रिकाम्या बाजारतळावर गेलो. शनिवारची शाळा सकाळची असते आणि त्या दिवशी पांढरा गणवेश, म्हणून वैजू परीटघडीचा पांढराशुभ्र फ्रॉक घालून आली होती. त्या दिवशी आम्ही दोघांनीही शाळेला दांडी मारली. तिची चिठ्ठी मी लिहिली, माझी तिच्या वडलांनी.

मी युक्ती काढली. आक्कानं चाक डावीकडं पुरतं वळवायचं आणि गाडी माणसाच्या चालीनं गोल गोल फिरवायची. मी डाव्या चाकापाशी कान लावून बरोबर चालणार. दाजी मध्यभागी खुर्चीवर, पंचासारखे.

"आणि मी?" वैजूनं विचारलं.

"तू उजवीकडनं चल. आईला सोबत."

गाडी फिरायला लागली. कट कट कट. मी वाकून चालतोय, कान चाकाकडं, दिसतं काहीच नाही. एक फेरी, दोन फेऱ्या, पाच फेऱ्या.

"मामा!" पलीकडून वैजू ओरडली. "आवाज माझ्याकडनं येतोय!"

"गप गं. गाडी डावीकडं वळतेय."

"पण येतोय माझ्याकडनं!"

"दिगू," आक्का खिडकीतून म्हणाली, "मलापण वाटतंय की माझ्या पायाखालनं..."

"आक्का, तू समोर बघ."

अजून दोन फेऱ्या झाल्या. मग वैजूचा आवाज आला, दम लागलेला. "मामा, थांबा जरा. तुम्ही चालताय. मी पळतेय."

मी आणखी चार पावलं चाललो. मग थांबलो. गाडी पुढं गेली, आणि तिच्या आडोशातून वैजू निघाली. लाल तोंड, कपाळावर घाम, एक वेणी सुटलेली. मी मात्र कोरडा ठणठणीत. दोघं त्याच गाडीबरोबर, तेवढाच वेळ.

मुलांनो, मैत्रिणीचा हात धरून गोल फिरून बघा. आतली जागच्या जागी पाय उचलते, बाहेरचीला धावावं लागतं. गाडी डावीकडं वळते तेव्हा उजवं चाक बाहेरचं असतं. जास्त अंतर त्याला, जास्त भार त्याच्यावर. हे मी दर वर्षी आठवीच्या वर्गाला फळ्यावर शिकवत होतो.

मी काही बोलायच्या आत वैजू बसली आणि तिनं उजव्या चाकाच्या मागं कोपरापर्यंत हात घातला. हात बाहेर आला तो काळाकुट्ट. आणि सवयीप्रमाणं तिनं तो फ्रॉकला पुसला.

"अगं कार्टे!" आक्का किंचाळली. "परीटघडी होती!"

"काय झालं? काय झालं?" दाजी खुर्चीवरून उठले. "मला कुणी सांगेल का?"

"बाबा, इथं सगळं ग्रीसच ग्रीस सांडलंय," वैजू म्हणाली, "आणि एक फाटकं रबर लोंबतंय."

बाबालालला मी सायकलवर डबलसीट बसवून आणला. त्यानं उजवं चाक काढलं. सांध्यावर रबरी बूट असतो, ग्रीस आत राहावं आणि माती बाहेर राहावी म्हणून. तो फाटला होता. ग्रीस सगळं उडून गेलं होतं आणि आत आमच्या बाजारतळाची माती बसली होती. सांध्यातल्या गोळ्या कोरड्याठाक, एकमेकींवर दात खात होत्या.

"नवा सांधा कोल्हापुरास्नं आणावा लागंल. सोमवारी," बाबालाल म्हणाला.

"रविवारी दादाचा माणूस येणार," आक्का म्हणाली. एवढंच. पण तिनं पदरानं तोंड पुसलं ते घाम नसताना.

बाबालालनं घड्याळात बघितलं. मग सांधा तिथंच रॉकेलनं धुतला, ग्रीस ठासून भरलं, सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा वर गुंडाळला आणि तारेनं आवळला. लहान पोराच्या कापलेल्या बोटाला चिंधी बांधतात तसं दिसत होतं.

"वैनी, दोन आठ," तो दोन बोटं वर करून म्हणाला. "दोनच. तिसरा काढला तर ही ट्यूब सुटंल, आन मग पयल्यापेक्षा जोरात बोंबलंल."

एक आठ आम्ही तिथंच काढून बघितला. उजवा डोळा, फुली, डावा डोळा. काही नाही. एवढी शांतता, की दाजींनी विचारलं, "सुरू केलीस का?"

उरला एक.

अकरा वाजता साहेब लिंबाखाली बसले. शिपायानं काठ्या रोवल्या. प्रत्येक उमेदवार झाला की तो खराट्यानं मैदान झाडून काढायचा, पुढच्याला स्वच्छ मिळावं म्हणून. आक्काचा नंबर तिसरा. साहेबांनी तिच्याकडं बघितलं, तीन प्रतींत कार्बन घातले, पेन उघडलं आणि डोळे मिटले.

आक्का निघाली. धुरळा उठला. गाडी त्यात गेली आणि आमच्या लेखी नाहीशी झाली. मी, दाजी आणि वैजू टेबलामागं उभे होतो, बाबालाल लिंबाच्या खोडाआड. माझा कान तुटेपर्यंत ताणलेला. उजवा डोळा झाला असेल. आता फुली. आता डावीकडं... काही नाही. नुसती इंजिनाची गुणगुण. वैजूनं माझा अंगठा धरला होता, आणि तो काळा पडेपर्यंत दाबायचा असं तिनं ठरवलं होतं बहुतेक.

धुरळ्यातून गाडी बाहेर आली आणि टेबलापुढं थांबली. आक्कानं मान बाहेर काढली. चेहरा पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा, पण हसू आवरत नव्हतं.

साहेबांचे डोळे मिटलेलेच. पेन हवेत.

"साहेब," आक्का म्हणाली.

"हं. करा सुरू."

"झालं की."

साहेबांनी डोळे उघडले. "काय झालं?"

"आठ."

"कधी?"

"आत्ताच."

"मला ऐकू आलं नाही." त्यांनी कोऱ्या कागदाकडं बघितलं. "मागच्या दोन्ही वेळी स्पष्ट ऐकू आलं होतं. बाई, तुम्ही नुसतं सरळ जाऊन आलात."

"अहो, नाही हो! काठ्या बघा, बाराच्या बारा उभ्या..."

"उभ्याच असणार. तुम्ही तिकडं फिरकलाच नाहीत, तर मोडतील कशा?"

"साहेब," दाजी म्हणाले, "आवाज आला तर नापास, नाही आला तरी नापास, मग माणसानं करायचं काय?"

"आपण पाहिलंत का त्यांना वळताना?" साहेबांनी विचारलं.

दाजींनी काळा चष्मा सावरला. "मला विचारताय?"

"मग? पुरावा काय?" साहेब मऊ आवाजात म्हणाले. ते दुष्ट नव्हते हो, फक्त कागद कोरा राहिल्यानं घाबरले होते. "असं करा, परत काढा. या वेळी जरा ऐकू येईल असा."

मी लिंबाकडं बघितलं. खोडाआडून बाबालालनं दोन बोटं वर केली, मग ती मिटली आणि मान हलवली.

आक्काचा हात गिअरवर गेला. मी म्हणालो, "साहेब, मी विज्ञान शिक्षक आहे, मी आपल्याला आकृती काढून..." आणि खरंच खिशात खडू चाचपायला लागलो.

तेवढ्यात शिपाई खराटा घेऊन मैदानाकडं निघाला.

माझा अंगठा सुटला. वैजू धावत सुटली होती. पांढरा फ्रॉक, त्यावर पंजाएवढा काळा डाग. ती शिपायाला मागं टाकून काठ्यांपाशी पोचली आणि त्याच्या खराट्यासमोर दोन्ही हात पसरून उभी राहिली.

"काका, झाडायचं नाही! साहेब, इकडं या! इथं आहे आठ!"

"बाळ, मी टेबल सोडत नसतो," साहेब म्हणाले.

"मग तिथनं ऐकू कसा येईल? तो मातीत आहे!"

साहेब अवघडून उठले. बहुतेक दहा वर्षांत पहिल्यांदा. कागदांचा गठ्ठा छातीशी धरून पन्नास पावलं चालत गेले, आणि आम्ही त्यांच्या मागून. धुरळा बसला होता. पिठासारख्या मातीवर टायरची ताजी नक्षी उमटली होती, वेणीसारखी, काठ्यांच्या आतून, एकाही काठीला न शिवता.

"माझ्या मागनं या," वैजूनं त्यांना सांगितलं. तिनं चपला काढून हातात घेतल्या आणि त्या रेघेवरून चालायला लागली. साहेब मागं. एक काठी, दोन काठ्या. उजवा डोळा पुरा झाला. फुलीवर साहेब सरळ जायला लागले, तर ती वळून म्हणाली, "आता डावीकडं." साहेब डावीकडं वळले.

चार पावलं गेल्यावर ते थांबले. खाली बघितलं, वर बघितलं, काठ्या मोजल्या. मग पेन उघडलं. टेबल पन्नास पावलं लांब होतं.

"बाळ, जरा वाकतेस?"

वैजू गुडघ्यांवर हात ठेवून वाकली. साहेबांनी तिच्या पाठीवर कागद ठेवले. कार्बन हलू नयेत म्हणून ती श्वास रोखून राहिली. त्यांनी तीन ठिकाणी सही केली, दाबून, आणि शेवटी एक शब्द लिहिला. तो वाचायला आक्का माझ्या खांद्यावरून वाकली आणि मग दाजींच्या कानाशी जाऊन काहीतरी म्हणाली. दाजींनी काठी काखेत मारली आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली. बाबालाल लिंबामागून पळत आला. साहेब टेबलाकडं परत निघाले, मीही त्यांच्या मागं निघालो, शिपायानं खराटा उचलला.

वैजू ताठ उभी राहिली. तिनं शिपायाला हातानं थांबवलं. मग चपला पुन्हा उचलल्या, खाली रेघेकडं बघितलं, आणि आठाचा राहिलेला डावा अर्धा एकटीच चालायला लागली. प्रत्येक पावलाला जीभ टाळूला लावून हळूच वाजवत: कट, कट, कट, कट.